९,९९९ रुपयांत घर विकलं जातं? ठाणे-नवी मुंबईकरांनो, जरा खरं बोला

घोडबंदरवासी

बचतगुरू यांची परवाची पोस्ट आणि तिच्याखालचे "मस्त माहिती सर", "धन्यवाद सर" वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रोकर ही जळू आहे, सव्वा कोटीच्या फ्लॅटवर दोन टक्के आणि वर १८ टक्के जीएसटी म्हणजे २ लाख ९५ हजार कुणाच्या घशात का घालायचे? त्यापेक्षा ऑनलाइन साइटवर ९,९९९ चं पॅकेज घ्या, फोटो टाका, घरबसल्या गिऱ्हाईक मिळतं. शेवटचं वाक्य असं की "ज्याच्यात दम नाही त्यानेच ब्रोकर पोसावा."

माझी मावशी सत्तरीच्या पुढची, एकटी, मुलगा बंगळुरूला. तिच्यासारख्या बाईने हे वाचून पैसे भरले तर काय होतं ते सांगतो, कारण तिने तेच केलं. पाचपाखाडीतला टू बीएचके, लिफ्ट नसलेली जुनी इमारत. फोन घ्यायला नंबर माझा दिला होता.

जाहिरात लागल्या दिवसापासून फोन सुरू झाले आणि त्यातले बहुतेक ब्रोकरांचेच. "सर, माझ्याकडे रेडी पार्टी आहे, फक्त एक टक्का." म्हणजे ज्यांना टाळायला पैसे भरले त्यांच्याच हातात नंबर गेला. साइटचा जो माणूस पैसे भरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ फोन करत होता, तो नंतर एकाच कामासाठी फोन करायचा: वरचं पॅकेज घ्या, तुमची जाहिरात वर दिसेल. घर कुणाला दाखवलं, तो काय म्हणाला, भाव चुकतोय का, हे त्याने कधी विचारलं नाही. का विचारेल? त्याचे पैसे आधीच खिशात गेले होते. घर विकलं गेलं काय आणि पडून राहिलं काय, त्याला सारखंच. माझा सगळा राग इथे आहे. फी कमी आहे याचा राग नाही. ती अशा वेळी घेतात की त्यानंतर तुमचं घर विकलं जाण्यात कुणाचंच काही अडकलेलं राहत नाही, याचा आहे.

आता भाव. साइट स्वतःच "तुमच्या भागातला दर" दाखवते. त्यात पोडियम पार्किंगवाले नवे टॉवर आणि आमची तीन मजली इमारत एकाच सरासरीत. मावशीने तो आकडा धरला. महिनोन्महिने कुणी फिरकलं नाही, आणि नंतर जे आले ते पहिल्याच वाक्यात म्हणाले, "जाहिरात बरीच जुनी दिसते, काही प्रॉब्लेम आहे का?" अशी लटकलेली जाहिरात म्हणजे भाव पाडायला आयतं हत्यार.

आणि क्षेत्रफळ! फॉर्ममध्ये "कार्पेट" असा रकाना, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. मावसभावाने जुन्या अ‍ॅग्रीमेंटमधला ६५० चा आकडा त्यात टाकला. तो बिल्टअप होता, म्हणजे भिंती धरून. कुणी तपासलं नाही. गिऱ्हाईक ठरलं, दोन लाख टोकन (बयाणा) आलं, त्याच्या बँकेचा व्हॅल्युअर येऊन मोजून गेला आणि ५४० च्या आसपास आकडा लिहिला. बँकेने कर्ज कमी केलं, तो म्हणाला भाव कार्पेटवर ठरलाय, त्या हिशेबाने कमी करा. व्यवहार मोडला, टोकन परत, आणि मावशीचं बीपी वाढलं ते वेगळंच. शेवटी नौपाड्यातल्या एका एजंटाकडे गेलो. त्याने बसायच्या आधी विचारलं, "अ‍ॅग्रीमेंट नव्वदच्या दशकातलं? म्हणजे आकडा बिल्टअप असणार." हे ज्ञान ९,९९९ मध्ये येत नाही.

बचतगुरू

माझं नाव घेऊन धागा काढलात म्हणून स्पष्ट बोलतो. चुकीचा आकडा तुमच्या मावसभावाने टाकला, भाव तुमच्या मावशींनी ठरवला, आणि दोष साइटला? पैसे कशाचे घेतात ते तिथे लिहिलेलं असतं: जाहिरातीचे. पेपरात छोटी जाहिरात दिली तर पेपरवाला येऊन तुमचं घर मोजतो का?

माझा राग कुठून आला तेही ऐका. भावाचा मानपाड्याचा फ्लॅट ब्रोकरमार्फत विकला. ठाण्यात एकाला दिलं की दहा जणांकडे फिरतं, चावी वॉचमनकडे, कोण कधी आत जाऊन आलं पत्ता नाही. आमची शेवटची किंमत आम्ही ब्रोकरला विश्वासाने सांगितली, ती त्याने गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगितली. का? दोन्हीकडून टक्का घेत होता, लवकर उरकायचं होतं. पाच लाखांनी भाव पडला तरी त्याच्या टक्क्यात पाच-दहा हजारांचाच फरक. भावाचे मात्र पाच लाख गेले. आता सांगा, तुमच्या त्या "अडकलेल्या" माणसाचं नक्की काय अडकलं होतं?

घोडबंदरवासी

हा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. टक्केवारीवाल्याला तुमच्या शेवटच्या पाच लाखांची किंमत नसते. पण व्यवहार पुरा होण्याची असते. साइटवाल्याला दोन्हीची नसते.

ऐरोली_सेक्टर

मी अशाच स्वस्त पॅकेजवर ऐरोलीचा फ्लॅट स्वतः विकला आणि पैसे वाचवले, त्यामुळे दोघांनाही सांगतो. घर विकलं ते जाहिरातीने नाही, फाइलने. जाहिरात टाकायच्या आधी पहिल्या बिल्डरपासूनची अ‍ॅग्रीमेंटची साखळी, प्रत्येकावर मुद्रांक भरल्याचा पुरावा, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), मंजूर नकाशा, सोसायटीचं नो ड्यूज, सगळं लावून ठेवलं. माझं गृहकर्ज चालू होतं, म्हणजे मूळ कागद बँकेत. तिथून बाकी रकमेचं पत्र आणि कागदांची यादी आणली, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेचा पहिला चेक थेट माझ्या बँकेला जाईल. वकिलाला वेगळे पैसे दिले आणि ते दिल्याचं दुःख नाही.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट आहे. बरीचशी जमीन सिडकोची, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, आणि लीजवर. आमच्या फ्लॅटला सिडकोची ट्रान्सफर परवानगी लागत होती आणि तिचे चार्जेस क्षेत्रफळाप्रमाणे. ते कोण भरणार हे टोकन घेण्याआधी लिहून घ्या. साइटच्या फॉर्ममध्ये जिम आहे का, स्विमिंग पूल आहे का, देवघर आहे का, सगळं विचारतात. सिडकोचा "सि" नाही.

सीवूड्सची_ताई

फॉर्मवरून आठवलं. माझा भाऊ मस्कतला असतो, त्याचं नेरूळचं घर आम्ही असंच परस्पर विकायला काढलं. पन्नास लाख किंवा त्याच्यावर किंमत असली की घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. गिऱ्हाईकही तेच धरून बसलेलं. पण विकणारा अनिवासी असेल तर तो एक टक्का लागूच होत नाही. जुन्या घराच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के, वर सरचार्ज आणि सेस, आणि कमी कापून घ्यायचा असेल तर विकणाऱ्याने आयकर खात्याकडून आधी प्रमाणपत्र आणायचं. सीएने सांगितलं म्हणून वाचलो. नाहीतर त्या बिचाऱ्या घेणाऱ्याला नोटीस आली असती आणि तो आमच्या दारात उभा राहिला असता.

दुसरं म्हणजे फसवणूक. "मी सीआयएसएफमध्ये आहे, उरणला बदली झाली, घर न बघताच घेतो, टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." नंबर उघडा पडला की हे फोन येणारच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बजावून ठेवा: पैसे घ्यायला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो.

मानद_सचिव

या साइटवाल्यांचा खरा त्रास सोसायट्यांना आहे, त्यावर कुणी बोलत नाही. रात्री साडेनऊला अनोळखी माणसं गेटवर, "फ्लॅट बघायचाय", मालक फोन उचलत नाही, वॉचमनशी हुज्जत. आणि मेंटेनन्सची थकबाकी ठेवून शेवटच्या आठवड्यात येतात, एनओसी (ना हरकत पत्र) आजच द्या म्हणून. कमिटी काय यांची नोकर आहे?

नौपाडाकर

सचिवसाहेब, विषय काढलाच आहात तर सांगा, एनओसीचे तुमच्याकडे किती घेता?

मानद_सचिव

नियमाप्रमाणे ट्रान्सफर फी आणि प्रीमियम, म्हणजे हस्तांतरणाचं अधिमूल्य. बाकी इमारत निधीला सभासद स्वेच्छेने देतात.

नौपाडाकर

स्वेच्छेने! माझ्या वडिलांचं घर विकताना कमिटीने "लिफ्ट फंड" म्हणून एक लाख मागितले. दिल्याशिवाय कागदावर सही नाही. गिऱ्हाइकाच्या बँकेने पत्राची मुदत दिलेली, वडील हॉस्पिटलात, आम्ही गपगुमान चेक दिला. २००१ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, आणि देणगी किंवा कुठल्याही दुसऱ्या नावाखाली वर एक पैसा घेता येत नाही. सोसायट्यांच्या नमुना नियमांतला, म्हणजे आदर्श उपविधींतला, क्रमांक ३८ उघडून बघा, हस्तांतरणाला सोसायटीची एनओसी लागतच नाही. नोटीस द्यायची, थकबाकी भरायची, फॉर्म भरायचे. एनओसी बँकेला हवी असते म्हणून लोक मागतात, आणि त्या गरजेवर कमिट्या चरतात.

मानद_सचिव

तोंड सांभाळून बोला. पगार न घेता मी हे काम करतो. रविवारी पाण्याची टाकी फुटली की मीच जिना चढतो. लिफ्ट बदलायला लाखो रुपये लागतात, ते वर्षानुवर्षं भाड्याने फ्लॅट देऊन एजीएमला (वार्षिक सभेला) तोंड न दाखवणाऱ्यांनी दिलेत कधी? करोडो घेऊन निघून जाताना इमारतीला थोडं देताना एवढं का झोंबतं?

नौपाडाकर

लिफ्टसाठी पैसे हवेत तर सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि सगळ्यांकडून घ्या. घर विकणारा कोंडीत सापडलाय म्हणून त्याला धरायचं याला माझ्या भाषेत खंडणी म्हणतात.

सीवूड्सची_ताई

नौपाडाकर, शब्द जपून. पण मुद्दा शंभर टक्के बरोबर. आमच्याकडेही मागितले होते.

ऐरोली_सेक्टर

मी पण दिले. पावतीवर "ऐच्छिक" लिहून मिळालं.

मानद_सचिव

२५ हजारांचा आकडा २००१ चा आहे. तेव्हा पाचपाखाडीत फ्लॅट किती लाखांत मिळायचे आणि आता किती, याचा विचार सरकारने करायला नको?

नौपाडाकर

करावा. तोपर्यंत मर्यादा आहे की नाही?

मानद_सचिव

आहे. कायदा आहे म्हणून मान्य. योग्य आहे म्हणून नाही.

माजिवड्याचा_एजंट

जळू म्हणालात ती जमात हीच. एवढा वेळ गप्प वाचत होतो. हा सोसायटीचा जो राडा वर झाला ना, आमचं निम्मं काम तेच असतं. कुठल्या इमारतीचा सचिव काय मागतो, कुठे ओसी नाही, कुठे कन्व्हेयन्स झालेलं नाही (जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही), कुठली बँक कुठल्या इमारतीला कर्ज देत नाही, हे आम्हाला माहीत असतं. महारेरासाठी, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामकासाठी, प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलंय मी. दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी नंबर घेऊन बसतो, आयत्या वेळी साक्षीदार गायब झाला तर माणूस उभा करतो, म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत तेव्हा हात पुसून देत शेजारी उभा राहतो. दोन टक्के जास्त वाटत असतील तर घासाघीस करा, आम्ही ऐकतो. शिव्या कशाला?

बचतगुरू

महारेराचं नाव पुढे करताय, पण ती नोंदणी रेरा-नोंदणी झालेल्या प्रकल्पांतले व्यवहार करणाऱ्यांसाठी आहे. तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतला रीसेल करायला उद्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवालासुद्धा उभा राहतो आणि आम्ही त्याला तेवढेच दोन टक्के देतो. तुम्ही चांगले असाल. ग्राहकाने ओळखायचं कसं?

माजिवड्याचा_एजंट

हे बरोबर आहे. त्या लोकांमुळे आमचंही नाव खराब होतं.

घोडबंदरवासी

बचतगुरू, ओळखायचं कसं याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण मावशीच्या वेळी शेवटी आम्ही तेच केलं. एजंटाशी कागदावर ठरवलं: घर किती मुदतीसाठी त्याच्याकडे, टक्का किती, दुसऱ्या बाजूकडून घेणार असेल तर आधी सांगायचं, आमची शेवटची किंमत आमच्याकडेच राहील, आणि पैसे अ‍ॅग्रीमेंटची नोंदणी झाली की मगच. तो कुरकुरला, पण सही केली. तुमच्या साइटवाल्याला म्हणून बघा की ९,९९९ नोंदणीच्या दिवशी देतो.

बचतगुरू

नाही घेणार तो, माहीत आहे मला. ठीक आहे, पोस्टमध्ये भर घालतो: कागदांची फाइल तयार नसेल, वकील नसेल, घरात धावपळ करणारं माणूस नसेल तर पॅकेज घेऊ नका. कार्पेट-बिल्टअपचंही लिहितो. पण "दोन टक्के हा ठाण्याचा रेट आहे" असं म्हणणाऱ्याला जळूच म्हणणार, तो शब्द मागे घेणार नाही. आणि घोडबंदरवासी, तुमच्या मावशींना त्या एजंटाने अखेर भाव किती मिळवून दिला ते तुम्ही शिताफीने गाळलंत.

घोडबंदरवासी

गाळलं नाही, कुणी विचारलं नव्हतं. साइटवर टाकलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी, मोडलेल्या व्यवहारापेक्षाही थोडा कमी. पण ५४० कार्पेट सांगून मिळालेला, आणि सगळा बँकेतून.

सीवूड्सची_ताई

नौपाडाकर, एक विचारायचं राहिलं. मैत्रिणीचा कोपरखैरण्याचा व्यवहार झालाय, नोंदणी झाली, पण देणगी दिली नाही म्हणून कमिटी घेणाऱ्याला सभासदच करत नाही. आता काय?

नौपाडाकर

घेणाऱ्याने अर्ज आणि ठरलेली फी रीतसर द्यायची, पोच घ्यायची. हातात घेत नसतील तर स्पीड पोस्टाने. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे सभासदत्व मिळाल्याचं मानलं जातं. लेखी नाकारलं तर सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे अपील, कलम २३, मुदत ६० दिवस. आणि देणगी मागितल्याचं कमिटीकडून लेखी घ्या म्हणावं. मागायला सगळे तयार असतात, लिहून कुणी देत नाही.

मानद_सचिव

पोच आम्ही देतो. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.