दर्शनी भिंत वाचली म्हणजे इमारत वाचली का?

मूळ मांडणी
न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर १८२२ ते १८२४ या काळात मार्टिन थॉम्पसन यांच्या आराखड्यानुसार एका बँकेची नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन धर्तीच्या शैलीतील इमारत उभी राहिली. पुढे तेथे सोन्याचांदीचा कस पाहणारे सरकारी कार्यालय आले. १९१५ मध्ये ती पाडली गेली, पण दर्शनी भागाचे संगमरवरी दगड जपून ठेवण्यात आले आणि १९२४ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या अमेरिकन विभागाच्या तोंडाशी ते पुन्हा रचले गेले. आज तो प्रमाणबद्ध त्रिकोणी माथा काचेच्या छताखालील चौकात उभा आहे. सोलापुरात जुने वाडे आणि गिरण्यांच्या इमारती मुळासकट जात असताना निदान दर्शनी भाग राखण्याची अट घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १
मला हे मान्य नाही. आपण दिलेल्या उदाहरणातच त्याचे उत्तर आहे. त्या बँकेच्या दारातून आत गेल्यावर बँक लागत नाही, निरनिराळ्या जुन्या घरांतून उचलून आणलेल्या खोल्या लागतात. तिजोरी कुठे होती आणि व्यवहार कसा चाले, यातले काहीच त्या भिंतीवरून कळत नाही. १८७७ साली सुरू झालेल्या आपल्या जुन्या मिलची नुसती कमान राखली असती, तर साचेखाते (मागांचा विभाग), भोंगा आणि पाळ्यांवर चालणारे गिरणगाव तिने कसे सांगितले असते? याउलट अप्पासाहेब वारदांनी बांधवलेल्या इंद्रभुवनात महापालिकेचा कारभार चालला, म्हणून ती वास्तू लोकांच्या ये-जा करण्यात राहिली.

प्रतिसाद २
मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून तांत्रिक बाजू मांडतो. संगमरवराचे घडीव दगड क्रमांक घालून उतरवता येतात. विटांवर चुन्याच्या गिलाव्यात काढलेली नक्षी तशी उतरत नाही, ती हातात भुगा होऊन येते. ती जागेवरच राखायची, तर मागच्या आडव्या भिंती आणि तुळया काढण्याआधी पोलादी सांगाडा उभारावा लागतो, कारण उंच भिंतीला वाऱ्याविरुद्ध आधार त्यांचाच असतो. त्यातच कोणी भेगा सिमेंटने बुजवल्या, तर ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि काही पावसाळ्यांत गिलावा फुगून पापुद्रे सुटतात. एवढा खर्च करायचाच असेल, तर बहुतेक वेळा पूर्ण इमारत दुरुस्त करणेच शहाणपणाचे ठरते.

मूळ लेखकाचे उत्तर
दुरुस्तीचा मुद्दा मोलाचा आहे, आणि इमारत धड असेल तर ती संपूर्ण राखावी याबद्दल माझे दुमत नाही. परंतु छत कोसळलेल्या, वारसदारांच्या वादात अडकलेल्या वाड्यांचे काय? तेथे निवड पूर्ण वास्तू की अर्धी वास्तू अशी नसून, भिंत की मोकळा भूखंड अशी असते. १९१५ मध्ये कोणी ते दगड ठेवून घेतले नसते, तर आज आपण तिजोरीच्या जागेवरही वाद घातला नसता.

प्रतिसाद १
मग अट उलटी घाला: आधी आतल्या भागाचे मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे महापालिकेकडे जमा व्हावीत, आणि त्यानंतरच पाडकामाचा अर्ज विचारात घ्यावा.