पाण्याच्या टाकीत विद्यार्थी बसवून यानातल्या लाइफ सपोर्टचा प्रयोग: चालेल का?

कंबरतलाव (प्रश्न)
सोलापुरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी 'अंतराळवीर यानात श्वास कसा घेतो' यावर चालतं मॉडेल करायचं आहे. 2000 लिटरची काळी प्लास्टिकची टाकी आहे. झाकण सील करून नववीतला एक विद्यार्थी तासभर आत बसेल, कार्बन डायऑक्साइड शोषायला चुना आणि पंखा असेल, बाहेर मीटर लावू. गगनयानासाठीही माणसं बसवूनच जमिनीवर चाचण्या होतात ना? मग छोट्या प्रमाणात करायला काय हरकत आहे? काय-काय लागेल तेही सांगा.

होटगीरोड
सर, विद्यार्थी आत बसवू नका. चुना आहे, पंखा आहे, तरीही नको. आधी हिशोब बघा.

एक माणूस दिवसाला सुमारे 0.84 किलो ऑक्सिजन वापरतो आणि साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे तासाला 42 ग्रॅम, सोलापूरच्या उन्हाळ्यात 25 लिटरच्या आसपास. 2000 लिटरच्या टाकीत तासाला सव्वा टक्का वाढ. दीर्घ मोहिमांसाठी नासाची मर्यादा अर्धा टक्का आहे, ती पंचवीस मिनिटांच्या आत ओलांडली जाईल. ऑक्सिजन 21 वरून साडेएकोणीसवर यायला तास लागतो. बंद जागेत आधी त्रास कार्बन डायऑक्साइडचा होतो, ऑक्सिजनचा नंतर. यात उष्णता धरलेलीच नाही. माणूस म्हणजे शंभरेक वॅटचा हीटर, शिवाय श्वास आणि घामातून तासाला 80 ग्रॅमच्या आसपास वाफ. पस्तीस अंशांना 2 घनमीटर हवेत मावते तीच मुळी 80 ग्रॅम. काळी टाकी, एप्रिल महिना, आणि घाम वाळायला जागाच नाही. चुना कितीही चांगला चालला तरी पोराला उष्माघात होऊ शकतो.

अवकाश संस्थाही माणूस सगळ्यात शेवटी बसवतात. आधी सुटे भाग टेबलावर तपासतात, मग सगळं जोडून आत 'खोटा माणूस' ठेवतात. त्याला मेटाबॉलिक सिम्युलेटर म्हणतात. ठरलेल्या दराने कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि उष्णता सोडणारं यंत्र. तेच तुम्ही करा. मॉडेल जास्त खरं होईल.

यंत्रमाग_413
खोटा माणूस घरच्या सामानात होतो.

कार्बन डायऑक्साइडसाठी खायचा सोडा आणि लिंबूसत्व. 80 ग्रॅम सोड्यातून 42 ग्रॅम वायू मिळतो, म्हणजे एका माणसाचा एक तास. त्याला 61 ग्रॅम लिंबूसत्व लागतं. सगळं एकदम टाकू नका. दर पंधरा मिनिटांनी 20 ग्रॅम सोडा आणि 15 ग्रॅम लिंबूसत्व, थोड्याच पाण्यात. बाटली टाकीबाहेर ठेवा, नळी आतल्या पंख्याच्या तोंडाशी आणा, नाहीतर हा जड वायू तळाशी साचतो आणि वर लावलेला सेन्सर 'सगळं ठीक' सांगत राहतो.

वाफेसाठी सर्दीला वापरतात ते वाफारा मशीन, वजनकाट्यावर ठेवून. ते सलग चालवलं तर तासाला 80 ग्रॅमपेक्षा खूप जास्त पाणी उडवतं, म्हणून टायमर लावून चालू-बंद करा आणि काट्यावर घट बघा. 80 ग्रॅम वाफेत सुमारे 50 वॅट जातात, वर 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. झाला 110 वॅटचा माणूस.

दोन मेणबत्त्यांचा मोह टाळा. दोन मेणबत्त्यांचा कार्बन डायऑक्साइड जवळपास एका माणसाइतका भरतो हे खरं, पण टाकी प्लास्टिकची आहे. शिवाय ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या आसपास असतानाच ज्योत विझते. 'मेणबत्ती विझली म्हणजे ऑक्सिजन संपला' हे चूक आहे, प्रदर्शनात तसा फलक लावू नका.

शोषायला नुसत्या चुन्याच्या भुकटीपेक्षा सोडा लाइमचे (चुना आणि थोडा कॉस्टिक सोडा यांचे) दाणे घ्या, भूल द्यायच्या यंत्रात असतात ते. 100 ग्रॅमला 10 ते 15 लिटर कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे तासाला 200 ग्रॅम किंवा थोडे जास्त. डबा उभा ठेवा, हवा खालून वर न्या. नेहमीची चूक म्हणजे दाणे सैल भरणं. मग हवा डब्याच्या भिंतीलगत वाट काढते, मधले दाणे कोरेच राहतात आणि वाटतं माल खराब निघाला. डबा ठोकून-ठोकून भरा, कडेला नमद्याची रिंग लावा. कॉम्प्युटरचा साधा पंखा इतक्या भरीव थरातून हवा ढकलू शकत नाही, ब्लोअर घ्या. हातमोजे आणि चष्मा हवाच, धूळ डोळ्यात गेली तर भाजते.

पाणी परत मिळवायला स्टीलच्या डब्यात बर्फ, खाली ताट. ताटात किती ग्रॅम जमलं आणि वाफारा मशीनमधून किती गेलं, हे दोन आकडे शेजारी लिहिले की मॉडेल बोलायला लागतं.

होटगीरोड
यंत्रमाग यांचं बरोबर. सेन्सरबद्दल दोन गोष्टी.

स्वस्त एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशाने कार्बन डायऑक्साइड मोजणारे) 5000 पीपीएमपर्यंतच, म्हणजे अर्ध्या टक्क्यापर्यंतच मोजतात, पंचवीस मिनिटांत ते टोकाला जाऊन बसतील. शून्य ते पाच टक्के पल्ल्याचा घ्या.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, हवेचा दाब साधारण 960 हेक्टोपास्कल. समुद्रसपाटीवर कॅलिब्रेट करून (आकडा जुळवून) आणलेला ऑक्सिजन सेन्सर इथे उघड्या मैदानातही 20.9 ऐवजी 19.8 दाखवेल. ऑक्सिजन कुठेही गेलेला नसतो, सेन्सर टक्का नाही, आंशिक दाब (हवेच्या दाबातला ऑक्सिजनचा वाटा) मोजतो. इथल्याच मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करा.

कंबरतलाव
पटलं, विद्यार्थी बाहेरच. टाकी हवाबंद झाली हे कसं ओळखायचं? झाकणाला सिलिकॉन लावणार आहे.

शेंगाचटणी
गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी यू आकारात वाकवा, रंगीत पाणी भरा, एक टोक टाकीला. सायकलच्या पंपाने 50 मिलिमीटर पाण्याइतका दाब चढवा आणि किती उतरतो ते बघा. जास्त नको, टाकी फुगते. हवा ओढून तर अजिबात घेऊ नका, टाकी पिचकेल.

खरी फसगत तापमानाची. बंद हवा एक अंशाने तापली की दाब सुमारे 30 मिलिमीटर पाण्याइतका चढतो, टाकीची भिंत फुगते म्हणून थोडा कमी दिसेल. दुपारी उन्हात टाकी गळत असली तरी पाणी वर चढतं आणि माणूस खूश होतो. त्यात सकाळी दहा ते दुपारी चार बाहेरचा दाबही रोज 3-4 हेक्टोपास्कल उतरतो, तेही तितकेच 30-40 मिलिमीटर. पहाटे, सावलीत, आत थर्मामीटर ठेवून चाचणी करा. किंवा सरळ एक टक्का कार्बन डायऑक्साइड सोडा, शोषक बंद ठेवा, पंखा चालू ठेवा आणि आकडा तासाला किती घसरतो ते लिहा. ही पद्धत मला जास्त भरवशाची वाटते.

यंत्रमाग_413
यात एक चाचणी जोडा, लाइट जाण्याची. मेन स्विच पाडा आणि सेन्सरवर किती मिनिटांत काय होतं ते नोंदवा. सोलापूरकरांना वेगळं समजवायला लागणार नाही.

कंबरतलाव
एक शंका राहते. खोटा माणूस इतका चांगला असेल तर संस्था खरी माणसं बसवतात कशाला? परीक्षक हेच विचारतील.

होटगीरोड
कारण खरा माणूस ठरलेल्या दराने काहीच करत नाही. व्यायाम केला की कार्बन डायऑक्साइड कित्येक पट, झोपला की निम्मा. शिवाय त्याचे केस गळतात, कातडी झडते, टॉवेलचे तंतू उडतात. आपल्याकडच्या नव्या टॉवेलची पहिली धुलाई आठवा. अवकाश स्थानकात हवेच्या जाळ्या याच कचऱ्याने तुंबतात आणि अंतराळवीरांना व्हॅक्यूमने साफ कराव्या लागतात. यंत्राचे तंतू गळत नाहीत.

उदाहरणं हवीत तर: 1972 मध्ये स्कायलॅब या अमेरिकेच्या अवकाश स्थानकाच्या आधी तिघे 56 दिवस जमिनीवरच्या कक्षात राहिले, तेव्हा लघवी साठवायची पिशवी लहान पडते हे कळलं आणि ती मोठी केली. ह्यूस्टनमध्ये 1995 साली एक जण 15 दिवस गव्हाच्या रोपांच्या भरवशावर राहिला, मग 30, 60 आणि 1997 मध्ये चौघे 91 दिवस. मुदत अशी पायरीपायरीने वाढवतात. ॲरिझोनातल्या बायोस्फिअर 2 या शेती-जंगलासह हवाबंद केलेल्या काचेच्या इमारतीत आठ माणसं होती, 1991 ते 1993. ऑक्सिजन 21 वरून साडेचौदाच्या खाली गेला. मातीतले जिवाणू तो खात होते, पण कार्बन डायऑक्साइड त्या मानाने वाढेना. तो काँक्रीटमधला चुना शोषत होता. शेवटी बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला.

जमिनीवर माणूस बसवूनही सगळं कळत नाही, हेही सांगा. स्थानकातलं मूत्र शुद्ध करणारं यंत्र इथे नीट चाललं, वर तुंबलं. वजनरहित अवस्थेत हाडांतलं कॅल्शियम मूत्रात जास्त उतरतं, त्यात गंधकाम्ल मिसळलं की कॅल्शियम सल्फेटचा थर बसतो. मग गंधकाम्लाऐवजी फॉस्फोरिक ॲसिड वापरायला घेतलं. तसंच इथे गरम उच्छ्वास आपोआप वर जातो, तिथे जात नाही. पंखा नसेल तर झोपलेल्याच्या तोंडाभोवतीच कार्बन डायऑक्साइडचा ढग साचतो.

शेंगाचटणी
आणि कोणी 'ऑक्सिजन जास्त सोडा की मग' म्हणालं तर 27 जानेवारी 1967 सांगा. अपोलो 1 या अमेरिकी यानाची जमिनीवरची तालीम, आत शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या दाबापेक्षा थोडा जास्त. आग लागली, दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, दाबामुळे उघडेना. तिघे गेले. रॉकेटमध्ये इंधन नव्हतं म्हणून ती तालीम धोक्याची धरलीच नव्हती. तुमच्या टाकीजवळ सिलिंडर आणू नका.

कंबरतलाव
सोडा लाइम संपल्यावर जांभळं होतं, तेवढं बघून बदलायचं ना?

यंत्रमाग_413
रंगावर जाऊ नका. वापरलेले दाणे रात्रभर ठेवले की रंग परत फिका पडतो आणि ताजे वाटतात. डब्यातून बाहेर पडणाऱ्या हवेत दुसरा सेन्सर लावा, तिथला आकडा चढायला लागला की बदला. डब्यावर भरल्याची तारीख आणि वजन मार्करने लिहा. दाण्यांतला ओलावा उडाला तर वायू नीट शोषला जात नाही, म्हणून पिशवी उघडी ठेवू नका. आपल्या हवेत फार लवकर वाळतात.