एडीएचडी आणि टायमर : तुमचा अनुभव सांगा

मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि वेळ सांभाळणं मेंदूलाच जड जातं, हे चौतिसाव्या वर्षी कळलं. "पाच मिनिटांत निघते" म्हणायचे तेव्हा मी खोटं बोलत नव्हते, मला ती पाच मिनिटं खरंच कळत नव्हती. अर्धा तास गेला तरी पाचच वाटायची. याला टाइम ब्लाइंडनेस म्हणतात हे कळल्यावर खूप रडले.

कोथरूडहून हिंजवडीला जायचं म्हणून आठचा एकच गजर लावायचे. तो वाजायचा तेव्हा डबासुद्धा भरलेला नसायचा. आता तीन गजर आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे: 'आंघोळ', 'डबा', 'चपला'. शेवटचा वाजला की हातातलं काम तिथेच ठेवून चपला घालायच्या. आमच्या घरात चपला घालून फिरायची पद्धत नाही, त्यामुळे एकदा पायात घातल्या की दाराबाहेर पडण्यावाचून दुसरं काही उरत नाही. हे माझं झालं. तुम्ही काय करता? जमलेलं सांगा, न जमलेलंही सांगा.

सदाशिव पेठेतून
एमपीएससीची तयारी करतोय. पोमोडोरो सगळेच सुचवतात: २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी. फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वापरून १९८०च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत बसवली. इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो, म्हणून हे नाव. पण राज्यघटनेत माझं डोकं लागायलाच वीस मिनिटं जातात आणि लागलं रे लागलं की टायमर वाजतो. त्यासाठी आता ४५ मिनिटं लावतो. गणिताला मात्र दहाच, कारण तिथे सुरुवात करणंच जड जातं. अभ्यासिकेत आवाज चालत नाही, म्हणून मनगटावर थरथरणारं घड्याळ. खरी गळती सुट्टीत होती. मोबाइल हातात घेतला की पाचाची पन्नास मिनिटं व्हायची. आता मोबाइल बॅगेत ठेवून खाली अमृततुल्यावर जातो. कप रिकामा झाला की सुट्टी संपली.

बिबवेवाडीहून, आई
मुलगी नऊ वर्षांची. तिच्यासाठी लाल चकतीचं घड्याळ आणलं. वेळ सरते तशी चकती लहान होत जाते. "अजून वीस मिनिटं" हे शब्द तिला पोचत नाहीत, पण उरलेला लाल तुकडा दिसतो. पहिले काही दिवस मी तेच घड्याळ समोर आपटून "हे संपायच्या आत गृहपाठ झाला पाहिजे" म्हणायचे. तिने एकदा ते उशीखाली लपवून ठेवलं. मला फार लागलं ते. आता चकती तीच फिरवते, किती ते तीच ठरवते. परवा लिहिता लिहिता तिने लालच्या कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई, एवढ्यात दोन गणितं बसतील."

हडपसरहून
मोबाइलचा गजर मी न बघताच बंद करतो. कोडिंगमध्ये बुडालो की बोट आपोआप जातं. रविवार पेठेतून चावीचा किचन टायमर आणला आणि तो मुद्दाम ओट्यावर ठेवतो. बंद करायला उठावंच लागतं, आणि उठलो की पाणीही प्यायलं जातं.

औंधहून
मला टायमर सोसत नाही, हेही इथे नोंदवायला हवं. मागे काही टिकटिकत असलं की छातीत धडधडतं आणि काम राहतंच. मी ताईला व्हिडिओ कॉल लावते. ती तिकडे भाजी निवडते, मी इकडे बिलं भरते, बोलत कुणीच नाही. आणि टायमर आहे म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडू नका, मी एकदा सोडली होती.

धागा काढणारी
औंधच्या ताई, बरं झालं लिहिलंत. तुम्हाला कदाचित उलटा वापर सोसेल: गजर नको, नुसतं स्टॉपवॉच, तेही आवाज न करणारं. आधी अंदाज लिहायचा, मग काम मोजायचं. धुणं वाळत घालायला मी ४० मिनिटं धरली होती, म्हणून चार दिवस टाळलं. लागली ११.