पुढे एक टायर, मागे दुसरा: माउंटन बाइकला वेगवेगळे टायर खरोखर हवेत का?

धागा

माउंटन बाइकचे टायर बदलायची वेळ आली की बरेच जण एकाच नमुन्याची जोडी घेतात आणि पुढे-मागे चढवून मोकळे होतात. माझे मत असे आहे की ही दोन चाके दोन वेगळी कामे करतात, म्हणून त्यांचे टायरही वेगळे निवडावेत, आणि निवडताना पुढच्या टायरच्या पकडीत अजिबात तडजोड करू नये.

वळणावर मागचे चाक सरकले तर स्वाराच्या हाती काही क्षण उरतात. ब्रेक सोडून किंवा अंगाचा भार थोडा हलवून सायकल पुन्हा रेषेत आणता येते. पुढचे चाक सरकले तर मात्र दिशाच हातातून जाते, आणि सावरण्याचा विचार मनात येईपर्यंत बहुतेक वेळा स्वार जमिनीवर पडलेला असतो. उतारावर ब्रेक दाबल्यावर भार पुढे येतो व मागचे चाक हलके होते, त्यामुळे वेग कमी करण्याचे मोठे काम पुढच्याच टायरला करावे लागते. याउलट सपाटीवर किंवा चढावर बसून पेडल मारताना अर्ध्याहून अधिक भार मागच्या चाकावर असतो, म्हणून मऊ रबर आणि उंच नॉब (टायरवरचे रबरी उंचवटे) यांमुळे वाढणारा रोध मागे जास्त जाणवतो आणि तेच रबर मागे लवकर झिजते. मऊ टायर पुढे लावला तर त्याची किंमत पायांना कमी मोजावी लागते आणि लाभ मात्र पुरेपूर मिळतो.

म्हणून ट्रेलवरच्या, म्हणजे डोंगर-रानातल्या कच्च्या वाटांवरच्या, सर्वसाधारण वापरासाठी मी पुढे २.५ इंच रुंद, मऊ रबराचा आणि कडेला भक्कम नॉब असलेला टायर सुचवतो, तर मागे २.४ इंचाचा, किंचित कडक रबराचा आणि मधले नॉब ठेंगणे असलेला, पण केसिंग (नॉबांखालचे टायरचे कापडी अंग) जाड असलेला टायर सुचवतो. हा विचार नवा नाही. पॅनारेसर या टायर कंपनीची डार्ट आणि स्मोक ही अनुक्रमे पुढची व मागची जोडी १९९०च्या दशकात सर्वपरिचित होती; आज श्वाल्बेचे रेसिंग रे पुढच्या आणि रेसिंग राल्फ मागच्या चाकासाठी असते, आणि कॉन्टिनेन्टल तर क्रिप्टोटाल या एकाच नावाखाली पुढचा व मागचा असे दोन निरनिराळे टायर बनवते. आपली मते कारणांसह वाचायला आवडतील.

प्रतिसाद १

पुढचे चाक सरकणे अधिक धोक्याचे आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र त्यावरून मागचा टायर कमी पकडीचा चालेल हा निष्कर्ष निघत नाही, आणि माझा विरोध नेमका तिथे आहे.

सुट्या खडीचा किंवा ओल्या मुळांचा तीव्र चढ घ्या. तिथे सायकल पुढे ढकलणारे चाक एकच आहे, ते म्हणजे मागचे. ते जागच्या जागी फिरू लागले की पाय टेकावा लागतो, मग पुढच्या टायरची पकड कितीही उत्तम असो. आता उतार घ्या. मागचे चाक हलके होते हे खरे, पण नेमके त्यामुळेच ते लवकर जाम होते, आणि ठेंगण्या नॉबांचा टायर जाम झाल्यावर सायकलचा मागचा भाग वाटेभर हेलकावे खात जातो. लांब, उभ्या उतारावर वेग आटोक्यात ठेवण्यासाठी मागचा ब्रेक सतत वापरला जातो. तो वापरता येत नसेल तर सगळा ताण पुढच्या चाकावर पडतो, म्हणजे ज्या चाकाला आपण जपू पाहता त्यालाच आपण अडचणीत आणता.

मॅक्सिसचा मिनियन डीएचआर टू हा टायर मागच्या चाकासाठी म्हणून ओळखला जातो. त्याच्या मधल्या नॉबांची पुढची कड उतरती आहे, म्हणून तो सहज फिरतो, आणि मागची कड उभी व रुंद आहे, म्हणून ब्रेक लावताना ती जमिनीत रुतते. हाच टायर अनेक जण पुढेही लावतात. दोन्हीकडे सारखा टायर असला की वळणात दोन्ही चाके साधारण एकाच मर्यादेला पोहोचतात आणि सायकल काय करणार आहे ते आधी कळते. शिवाय मागचा झिजला की पुढचा मागे घ्यावा आणि नवा पुढे चढवावा, ही सोयही त्यातच आहे. या पद्धतीत पुढच्या चाकाला नेहमी ताजा टायर मिळतो, जे आपल्याच मुद्द्याला धरून आहे.

प्रतिसाद २

मला वाटते की आपण दोघेही नॉबांच्या नक्षीवर गरजेपेक्षा जास्त भर देत आहात. हवेचा दाब आणि केसिंग ठरल्याशिवाय नक्षीची तुलना करणे घाईचे आहे. मध्यम वजनाच्या स्वाराने २.४ इंचाच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे साधारण २० ते २४ पीएसआय आणि मागे त्याहून २ ते ४ पीएसआय जास्त हवा ठेवून सुरुवात करावी, आणि मग एकेका पीएसआयने बदल करून पाहावा. याच टायरमध्ये ३५ पीएसआय हवा भरली तर टायर दगडाभोवती दबण्याऐवजी त्यावरून उसळतो, आणि मग रबर कितीही मऊ असले तरी ते जमिनीला टेकतच नाही.

याउलट केसिंग पातळ असेल तर एवढ्या कमी दाबावर टायर वळणात आडवा दुमडतो, आणि मागे तर रिम थेट दगडावर आदळते. मागचे चाक दगडावर आपटले की स्वाराचे बहुतेक वजन त्यावर येते, म्हणून मागे जाड केसिंग हवे हा धाग्यातला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मी तर म्हणेन की पुढे-मागे फरक करायचाच असेल तर पहिला फरक केसिंगमध्ये करावा. नक्षी दोन्हीकडे सारखी असली तरी चालेल.

प्रतिसाद ३

मूळ धाग्यातले पुढे २.५ आणि मागे २.४ हे सूत्र फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारे शॉक असलेल्या, सायकलला शोभते. हार्डटेलला मागे शॉक नसतो, तिथे टायरमधली हवा हीच काय ती उशी असते, त्यामुळे मागे फ्रेममध्ये बसेल तेवढा रुंद टायर लावणे मला अधिक पटते. फक्त चिखल अडकणार नाही इतकी मोकळी जागा टायर आणि फ्रेम यांच्यात राहिली पाहिजे. रिमची आतली रुंदीही पाहावी. ३० मिमीच्या आसपासच्या रिमवर २.४ ते २.५ इंचाचे टायर योग्य आकार धरतात, पण अरुंद रिमवर तोच टायर वर फुगीर होतो आणि कडेचे नॉब रिमकडे झुकून जमिनीपासून दूर जातात.

प्रतिसाद १ मधली अदलाबदल सर्वांना शक्य नाही. पुढे २९ आणि मागे २७.५ इंचाची चाके असलेल्या सायकली आता पुष्कळ दिसतात. युसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१९ मध्ये स्पर्धांतही त्यांना परवानगी दिली. त्या दोन टायरांचे बीडचे (रिममध्ये बसणाऱ्या कडेचे) व्यास ६२२ आणि ५८४ मिमी असतात, म्हणजे पुढचा टायर मागे बसण्याचा प्रश्नच येत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

प्रतिसाद १ साठी: मी मागे जवळजवळ गुळगुळीत टायर लावा असे म्हटलेले नाही. मधले नॉब ठेंगणे असावेत, पण ब्रेक लावताना रुतेल अशी उभी कड त्यांना असावी, असे मला अभिप्रेत आहे, आणि डीएचआर टू चे आपण केलेले वर्णन त्याच्याशी चांगले जुळते. म्हणजे मागच्या टायरची नक्षी कोणत्या कामासाठी घडवायची यावर आपले एकमत आहे. मतभेद उरतो तो रबराबाबत. मागे अतिमऊ रबर लावले तर ब्रेक आणि पेडल या दोन्हींच्या ताणाने नॉबांच्या कडा लवकर फाटू लागतात, आणि कडा गेल्यावर ज्या पकडीसाठी तो टायर घेतला ती पकडही जाते. थोडे कडक रबर आपल्या कडा जास्त काळ टिकवते.

दोन्ही चाके एकाच वेळी सरकावीत, हा मुद्दा मला मान्य नाही. प्रत्यक्ष वाटेवर दोन्ही चाकांखालची जमीन क्वचितच सारखी असते आणि भारही सतत बदलत असतो, त्यामुळे दोन्ही चाके एकाच क्षणी मर्यादेला पोहोचतील अशी रचना करता येत नाही. कोणते चाक आधी सरकावे एवढेच आपल्या हातात आहे, आणि ते मागचेच असावे.

प्रतिसाद २ मधला दाबाचा मुद्दा पूर्ण मान्य. हार्डटेलबद्दलही प्रतिसाद ३ चे म्हणणे योग्य आहे. तिथे मागची रुंदी वाढवावी, मात्र पुढचा टायर त्याहून अरुंद करू नये.

प्रतिसाद १ (पुन्हा)

टिकाऊपणाबद्दलचा आपला युक्तिवाद कोरड्या, खडकाळ वाटांना लागू पडतो. ओल्या खडकांवर आणि मुळांवर मात्र नॉब जमिनीत रुतत नाहीत, तिथे केवळ रबराचा मऊपणा कामाला येतो, आणि कडक रबराचे मागचे चाक तिरप्या मुळावरून क्षणात बाजूला जाते. जिथे वर्षाचा बराच काळ ओल असते तिथल्या स्वाराने झीज पत्करावी आणि दोन्हीकडे मऊ रबर घ्यावे, यावर मी ठाम आहे.

प्रतिसाद ४

चर्चा वाचून एक व्यावहारिक प्रश्न पडला. माझ्या हार्डटेलवर सायकलसोबत आलेले दोन्ही टायर सारखेच आणि बऱ्यापैकी कडक रबराचे आहेत. वाटा बहुतांशी कोरड्या आणि खडीच्या आहेत. सध्या एकच टायर घेणे शक्य आहे, तर कोणता घ्यावा?

धागाकर्त्याचे उत्तर

आपण पुढचा घ्यावा: मऊ रबराचा, कडेचे नॉब उंच आणि एकमेकांपासून सुटे असलेला, म्हणजे सुट्या खडीतही ते खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतील. मधल्या आणि कडेच्या नॉबांमध्ये फार मोठी मोकळी पट्टी असलेला टायर सायकल निर्धाराने झुकवणाऱ्यालाच साथ देतो. ती सवय अजून नसेल तर दोन्हींच्या मधोमध आणखी नॉबांची रांग असलेला नमुना पाहावा. सध्या पुढे असलेला टायर काढून ठेवा आणि मागचा झिजल्यावर तो तिथे लावा. खरेदीपूर्वी मात्र आहे त्याच टायरांची हवा मोजा आणि प्रतिसाद २ मधल्या आकड्यांशी ताडून पाहा. ट्यूब असेल तर ती चिमटून पंक्चर होऊ नये म्हणून त्या आकड्यांपेक्षा थोडा अधिक दाब ठेवावा.

प्रतिसाद १ (पुन्हा)

कोरड्या खडीसाठी माझाही सल्ला हाच असता. जुना टायर मागे लावताना त्याच्या कडेवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण तेवढा पाहावा, कारण काही टायरांवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी दोन वेगळे बाण दिलेले असतात.