प्रति: इंटर्नशिपने कोणी इंजिनिअर होत नाही

'इंटर्नशिपमधून ओळख-बिळख काही मिळत नाही, फक्त सर्टिफिकेट मिळतं' हे वर कोणीतरी लिहिलंय. ओळख म्हणजे 'मी इंजिनिअर आहे' असं स्वतःला आणि इतरांना वाटणं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या बऱ्याच इंटर्नशिपांबाबत ते मान्य. एक्सेल भरा, चहाच्या वेळा पाठ करा, शेवटी शिक्का घ्या. संशोधनाच्या इंटर्नशिपचं मात्र वेगळं आहे. कार्लोन आणि जॉन्सन या संशोधकांनी २००७ साली अमेरिकेतल्या विज्ञान शिकलेल्या १५ गौरेतर स्त्रियांचा अभ्यास मांडला. विषय येणं, तो करून दाखवणं आणि इतरांनी तुम्हाला त्या क्षेत्रातलं मानणं, अशा तीन गोष्टी त्यांनी या ओळखीत धरल्या. त्यात तिसरी गोष्ट फार महत्त्वाची ठरली, काहींचं गाडं तिथेच अडलं.

मी इथेच नाशिकला इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो, म्हणून हे जवळून पाहिलंय. पेठ तालुक्यातली एक विद्यार्थिनी, घरातली पहिलीच इंजिनिअरिंगला आलेली, ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत पानांचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर काम करत होती. डाउनी हा द्राक्षावरचा रोग पसरायला पानावर पाणी टिकावं लागतं, त्यामुळे ओलावा किती वेळ राहिला हे महत्त्वाचं. आकडे जुळेनात. ती म्हणाली, "सर, सेन्सर वर उन्हात आहे, दव आतल्या पानांवर राहतं." जागा बदलली, आकडे सुधारले, आणि गाइडनी बैठकीत ते तिच्या नावानिशी सांगितलं. तोवर 'सरांनी सांगितलं म्हणून' असं बोलणारी मुलगी पुढच्या सादरीकरणात 'मी इथे बसवला, कारण...' म्हणू लागली.

आता स्टायपेंडबद्दल. तो नसेल तर अशी मुलं अर्जच करत नाहीत, सुट्टीत घरी भातलावणीला हात लागतात.