'ब्रास' म्हणजे नक्की किती? एकाच अंगणाला २ पण आणि ६ पण?

गावी घरापुढच्या अंगणात मुरूम टाकून वर शहाबादी बसवायचीय. अंगण ३० बाय २० फूट. मिस्त्रींनी कागदावर लिहून दिलंय, मुरूम २ ब्रास, फरशी ६ ब्रास. जागा एकच मग ब्रास वेगळे कसे? मी तर ट्रॅक्टरवाल्याला ६ ब्रास मुरूम सांगणार होते, आईने थांबवलं म्हणून बरं.

---

ताई, मिस्त्री बरोबर आहेत. ब्रास म्हणजे शंभर, पण कशाचे शंभर ते कामावर ठरतं. फरशी, प्लास्टर असं पसरायचं काम असेल तर १०० चौरस फूट, आणि वाळू खडी मुरूम कच असा ढिगाने येणारा माल असेल तर १०० घनफूट. तुमचं अंगण ६०० चौरस फूट म्हणून फरशी ६ ब्रास. मुरूमाचा थर त्यांनी ४ इंच धरलाय, म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा, ६०० भागिले ३ म्हणजे २०० घनफूट, झाले २ ब्रास.

तोंडी हिशोब असा की एक ब्रास मुरूम इंचभर जाडीने १२०० चौरस फूट झाकतो. ४ इंचाला ३००, ६ इंचाला २००. हे एवढं पाठ असलं की कुणाला विचारायला नको.

---

फक्त हे २ ब्रास दबून बसल्यावरचे हां. मोकळा मुरूम पाणी मारून धुम्मस केला की खाली जातो, त्यामुळे अडीच मागवा. आणि ट्रॉली आली की आधी हौद्याला टेप लावा, आतून १० बाय ५ आणि उंची २ फूट भरली तर बरोबर एक ब्रास. उंची दीडच फूट असली तर पाऊणच ब्रास आला, पैसे मात्र पूर्ण जातात. आमच्या घराच्या वेळी हे मोजलंच नाही, नंतर कळून फार वाईट वाटलं.

---

दोघांचेही खूप आभार! अजून एक, भाऊ म्हणतो शहाबादीऐवजी टाइल घेऊ, तर बॉक्सवर चौरस मीटर लिहिलंय. ६०० ला ०.३०४८ ने गुणलं तर १८३ आले, हे जास्त वाटतंय.

---

जास्तच आहे. ०.३०४८ हा लांबीचा आकडा, क्षेत्रफळाला तो दोनदा लावायचा आणि घनफुटाला तीनदा. ६०० चौरस फूट म्हणजे ५५.७४ चौरस मीटर. एक ब्रास फरशी ९.२९ चौरस मीटर, एक ब्रास मुरूम २.८३ घनमीटर.

आता 'दोन बाय दोन' या शब्दाकडे पण बघा, कारण शहाबादी दोन बाय दोन म्हणजे ४ चौरस फूट, ब्रासला २५ नग, तुम्हाला १५० आणि तुटफुटीला दहाबारा वर. पण दुकानातली 'दोन बाय दोन' टाइल खरी ६०० मिलिमीटरची, दोन फुटाला जरा कमी. चार टाइलच्या बॉक्सला सगळे तोंडाने १६ फूट म्हणतात, छापलेलं असतं १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा. १६ ने धरलं तर ३८ बॉक्स, खरे लागतात ३९, तेही तुटफूट सोडून. नंतर एक बॉक्स आणायला गेलं की शेड जुळत नाही, म्हणून आधीच ४२ घ्या.