मर्जी आधी की नंतर?
'देवाची मर्जी' म्हणणारा माणूस स्वतःची निवड सोडून मोकळा होतो, असं काहीजण म्हणतात. आमच्या यवतमाळकडच्या गावात मला उलटंच दिसतं. मिरगाचा पहिला पाऊस पडला तरी वडील थांबतात. मूठभर माती दाबून ओल बघतात. लाडू वळला तरच कपाशी टोबायची, म्हणजे बी मातीत खोचायचं. शेजाऱ्यांची टोबून झाली तरी हे हलत नाहीत. दुबार पेरणीचा खर्च एकदा अंगावर आलाय ना! शेवटचं बी टाकलं की मग म्हणतात, "मायं झालं, आता त्याची मर्जी." म्हणजे मर्जी येते ती ठरवून झाल्यावर.

भाषेतही बघा. 'मले वाटते', 'मले आवडते' म्हणताना गोष्ट आपल्याकडे चालून आलेली असते. 'म्या ठरवलं' म्हटलं की जबाबदारी आली. (मर्जी शब्द अरबी-फारसीतला, पण देवाला बरोब्बर चिकटलाय.)

आणि गीतेच्या १८व्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो, 'यथेच्छसि तथा कुरु', तुला वाटेल तसं कर. हा ६३वा श्लोक. आमच्याकडचे कीर्तनकार मात्र तो ओलांडून थेट ६६व्या, 'मामेकं शरणं व्रज'वर जाऊन बसतात.